तलावात पडलेला गोळा

बायाबाईच्या टोपलीतली मासळी कोणी हुंगून पाहिली, गलफडं उचकटून पाहिली, बोटानं दाबून पाहिली तरी तिला त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे, असं ती म्हणायची. पण त्या दिवशी भंडाऱ्याच्या मासळीबाजारात बाया टोपलीजवळ यायच्या, कोणत्या तलावातली म्हणून विचारायच्या, आणि गावाचं नाव ऐकलं की पदर नाकाला लावून पुढच्या टोपलीकडं सरकायच्या. जणू तिथं रोहू नाही, विंचू मांडून ठेवले होते. दुपार झाली, बर्फ वितळून टोपलीखाली डबकं साचलं, शेजारच्या दोघीतिघी आपला माल संपवून घरी गेल्या, आणि बायाबाई आपली बसून. एका ओळखीच्या मास्तरीणबाईनं तर जाता जाता सांगितलं की बाई, मी काय, माझ्या मांजरालाही घालणार नाही. बायाबाईच्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. पण या वाक्यावर तिनं नुसती टोपली झाकली, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सगळ्याला कारण तो मेला गोळा.

आठवड्याभरापूर्वीची गोष्ट. चैत्र सरत आलेला, दिवेलागण होऊन गेलेली, उकाड्यानं सगळं गाव अंगणात बसलेलं. तेवढ्यात आभाळात जळते निखारे रांगेनं निघाले. तारा तुटतो तो झर्रकन जातो. हे सावकाश, वरात निघाल्यासारखे, मागं लांब शेपट्या ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पोरं ओरडली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. कोणी म्हणालं विमान जळालं, कोणी म्हणालं युद्ध सुरू झालं. सकाळी बायाबाईचा नवरा केवळराम तलावावर गेला, तर बांधाच्या पाळीजवळच्या चिखलात एक काळा गोळा रुतलेला. मोठ्या घागरीएवढा, आणि अंगभर काळा दोरा गुंडाळल्यासारखा, जागोजागी जळून केसांसारखा सुटलेला.

केवळराम हा गावातल्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. तलाव सोसायटीकडं ठेक्यानं होता आणि ढिवर मोहल्ल्यातली सगळी घरं त्याच्यावरच जगत. पावसाळ्यात मासळीचं बीज सोडायचं, वर्षभर राखण करायची, आणि वैशाखात पाणी उतरून मधल्या डोहापुरतं उरलं की सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढायचं, अशी रीत. वर्षाचं काय ते त्या एका जाळ्यात. जाळं ओढायचे दिवस अगदी तोंडावर आले होते, आणि तेव्हाच हे आभाळातलं भूत येऊन पडलं.

पोलीस आले, गोळा गाडीत घालून घेऊन गेले, वरून माणसं येतील म्हणाले. ती काही लवकर येईनात. कमलेश मात्र लगेच आला. हायवेवर शहापूरला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि फावल्या वेळात व्हिडिओ टाकायचा धंदा. गोळा उचलून नेण्याआधीच त्यानं त्याच्या शेजारी उभं राहून सांगितलं होतं की यात विषारी वायू असतो, हा तलाव गेला कामातून. कोणाला विचारून सांगितलं? कोणालाच नाही. पण आवाज भारदस्त होता आणि मागं धडधडणारं संगीत लावलं होतं. तो व्हिडिओ भंडारा, तुमसर करत पार गोंदियापर्यंत गेला. खोट्याला काय, भाड्याची गाडीही लागत नाही.

खरं सांगणारं माणूस घरातच होतं. खुशी, बायाबाईची थोरली पोरगी, भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्या कॉलेजातल्या एक मॅडम आणि चार-पाच पोरी दुर्बीण घेऊन शाळाशाळांतून आभाळ दाखवत फिरायच्या. हिवाळ्यात खुशीनं आपल्या गावातही हा कार्यक्रम ठरवला होता. सरपंच पुंडलिकराव म्हणाले, त्या दिवशी दंडारीचा खेळ आहे, चंद्र काय पळून जातो का, पुढं बघू. पुढं कोणी बघितलं नाही. बायाबाईलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. पोरगी चारचौघांत नळीला डोळा लावून उभी राहिली तर उद्या पाहुणे काय म्हणतील, ही तिची चिंता.

गोळ्याचा फोटो पाहताच खुशीनं ओळखलं. रॉकेट वर जातं तेव्हा त्याच्या पोटात गॅस भरलेल्या टाक्या असतात. काम संपलं की तो रिकामा भाग पृथ्वीभोवती फिरत राहतो, फिरता फिरता खाली येतो आणि येताना जळतो. ही टाकी तेवढी चिवट, म्हणून उरली. काही वर्षांपूर्वी चंद्रपूरकडंही असे गोळे पडले होते, भिण्यासारखं त्यात काही निघालं नव्हतं. बायाबाईला सगळं समजलं अशातला भाग नाही. पण पोरगी कुठं अडखळत नव्हती, त्यावरून हे खरं असणार एवढं तिनं ताडलं. केवळरामाची तर छाती फुगली. गावाला बोलवा, म्हणाला, माझी पोरगी सांगेल.

ग्रामपंचायतीसमोर सभा भरली. खुशीनं सांगितलं, आणि खरं म्हणजे लोकांनी नीट ऐकलं. म्हातारी माणसंसुद्धा मान हलवत होती. मग कमलेश उठला आणि म्हणाला, ते रॉकेटबिकेट ठीक आहे, पण पाण्यात काही उतरलं नाही हे तू छातीवर हात ठेवून सांग.

खुशीनं तलावाच्या दिशेनं पाहिलं. बायाबाई मनातल्या मनात म्हणत होती, सांग गं, सांगून मोकळी हो. केवळराम तिच्याकडं टक लावून बसला होता.

"टाकी रिकामी आहे, पाण्यात काई गेलं नसन, असं मले वाटते," खुशी म्हणाली. "पण काई रॉकेटचं इंधन विषारी राहते. पाणी तपासल्याबिगर काईच नाई असं मले सांगता येत नाई."

झालं. अर्ध्या तासाच्या बोलण्यातला 'विषारी' हा एकच शब्द लोकांनी उचलला आणि घरोघर नेला. दुसऱ्या दिवशी बायाबाई बाजारात बसली ती वर सांगितलं तशीच. संध्याकाळी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ती परत आली तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. एवढं शिकवलं ते 'वाटते' आणि 'नसन' म्हणायला का? व्हिडिओवाला काही माहीत नसताना छातीठोक बोलतो, आणि हिला माहीत असून हिचे पाय लटपटतात.

केवळराम उंबऱ्यावर बसला होता. टोपलीकडं बघून तो पोरीला म्हणाला, "तुह्या एका शब्दानं तलाव वाचला असता."

"खोटं बोलून, बाबा?"

"खोटं कुठं होतं? तूच म्हनली ना, टाकी रिकामी आहे."

"तपासल्याबिगर सांगणं खोटंच होते," खुशी म्हणाली.

त्यानंतर केवळराम तिच्याशी बोलला नाही. तिनं सकाळी तलावाच्या चारी अंगांनी बाटल्या भरल्या, पिशवीत घातल्या आणि एसटी धरली. तो पाळीवर बसून बघत होता, पण जा म्हणाला नाही की थांब म्हणाला नाही. बाप तसाच आणि लेक तशीच. एका मुशीतली दोघं, आणि मधल्यामध्ये बायाबाईचं भरीत.

पाणी तपासायचं म्हटलं तर खुशीला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं गेलं. कोणी म्हणालं अर्ज आणा, कोणी म्हणालं हे आमच्याकडं येतच नाही. शेवटी तिच्या मॅडमनी नागपूरला ओळखीच्या माणसाकडं बाटल्या पोचवल्या. खुशी भंडाऱ्यातच मैत्रिणीच्या खोलीवर राहिली. आईला फोन करायची, आज कळेल, उद्या कळेल म्हणायची. बापाचं विचारायची, पण त्याच्याकडं फोन दे असं म्हणायची नाही.

इकडं ऊन कोणासाठी थांबतं? पाणी रोज थोडं खाली जात होतं. सकाळी डोहातली मासळी तोंडं वर काढून हवा गिळायला लागली. आता जाळं ओढलं नाही तर ती आपोआपच मरणार, आणि ओढलं तर घेणार कोण? सोसायटीतली माणसं केवळरामाच्या अंगणात येऊन बसायची, बिड्या ओढायची, आणि उठून जायची. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं बायाबाईला वाटे.

मग पुंडलिकराव तोडगा घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. गावाचं भलं व्हावं असंच त्यांच्या मनात होतं. पावसाळ्याआधी आपण विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतो ना, ते म्हणाले, तशीच तलावात टाकू. चारचौघांसमोर टाकू, कमलेशला व्हिडिओ काढायला लावू. विष असलंच तर जाईल, नसलं तर लोकांची शंका तरी जाईल. पंचायतीच्या गोदामात पोती पडलीच आहेत.

केवळरामाला ते पटलं. पटणारच. दरसाल पावडर पडलेलं विहिरीचं पाणी सगळं गाव पीत आलेलं, कोणाच्या पोटात कधी दुखलं नाही. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. तो लगेच आपला लाकडी डोंगा पाण्यात घालायला निघाला.

बायाबाईनं कनवटीचा मोबाईल बाहेर काढला. खुशीला एकदा विचारावं असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, ती म्हणणार थांबा, हा भडकणार, फोनवरच दोघांची जुंपणार, आणि पोरगी सुट्टीतही घरी यायची नाही. घरात जरा शांतता आली होती, ती मोडायची तिची तयारी नव्हती. तिनं मोबाईल पुन्हा कनवटीला खोचला.

ऊन उतरल्यावर डोंग्यातून पोती रिकामी झाली. केवळराम स्वतः ओंजळी भरभरून टाकत होता, कोपरा न कोपरा, शेतात खत फेकावं तशी. वारा असल्यानं पांढरी धूळ त्याच्या डोळ्यांत जात होती, तरी थांबला नाही. पाळीवर लोक जमले होते. कमलेशनं व्हिडिओत सांगितलं की तलाव आता शुद्ध झाला आहे. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकून बायाबाई धावली. डोह पांढरा झाला होता. आधी तिला वाटलं पावडरच तरंगते आहे. जवळ गेल्यावर पोटं दिसली. रोहू, कतला, चिखलातही तग धरणारी मरळ, बोटाएवढी पिल्लं, सगळी उलटी. पाण्यात पाय घालायला जागा नव्हती. ढिवर मोहल्ल्यातल्या बाया घरातलं माणूस गेल्यावर रडतात तशा रडत होत्या. बायाबाईला रडू आलं नाही. ती वाकून एकेक मासळी उलटवून बघत होती, एखादी तरी हलते का.

आणि पाळीवर गाव काय बोलत होतं? बरं झालं, आपण खाल्ली नाही. कमलेश सगळ्यांना सांगत होता की पावडर पडली म्हणून गोळ्याचं विष वर आलं, नाहीतर कळलंही नसतं. त्याला त्याच्या मोबाईलसकट पाण्यात ढकलावा, असं बायाबाईला फार वाटलं.

तेवढ्यात खुशी आली. एसटीतून उतरून ती धावतच निघाली असणार, केस विस्कटलेले, आणि लांबूनच हसत होती. पाणी साफ निघालं होतं. फोनवर सांगण्याऐवजी तिला ते बापाच्या तोंडावर सांगायचं होतं. पाळीवर चढली आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं पाण्याकडं पाहिलं. वास घेतला. मग पाळीवर टाकलेल्या रिकाम्या पोत्यांकडं पाहिलं, आणि मग बापाकडं.

पोरीला कळलं, हे बायाबाईनं पाहिलं. आणि पोरीनं तोंड मिटलं, हेही पाहिलं. गावासमोर एक अर्धवट खरा शब्द बोलायला जी तयार झाली नव्हती, ती आता पूर्ण खरं गिळून बसली होती, कशासाठी, तर बाप उघडा पडू नये म्हणून.

केवळराम काही दूधखुळा नव्हता. तोही पोरीकडंच बघत होता.

"सांग," तो म्हणाला. इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द. "कायनं मेल्या?"

"राहू द्या, बाबा."

"सांग म्हनतो ना."

"पावडरनं," खुशी म्हणाली. "पाणी साफच होतं."

केवळरामानं पायातल्या चपला काढल्या. मग पाळ उतरून मेलेल्या मासळीत गुडघाभर शिरला, गावाकडं तोंड केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आभाळातून काई विष आलं नाई. पाणी साफ होतं. तलाव म्या मारला."

आता एवढ्यावर मिटलं असतं असं कोणालाही वाटेल. कशाचं काय. कोणी विश्वासच ठेवला नाही. पुंडलिकरावांनी त्याला हात धरून बाहेर काढलं, म्हणाले, धक्का बसला बिचाऱ्याला, पाणी द्या. मागून कोणीतरी पुटपुटलं की पोरगी खोटी पडू नये म्हणून झाकून राहिला. कमलेशनं तर सरळ विचारलं की विहिरीत दरसाल पडते ती हीच पावडर ना, मग आपण कसे मेलो नाही? सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता. बायाबाईलाही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं.

"यायले दाखव," केवळराम गावाकडं हात करून पोरीला म्हणाला.

खुशीला ते नको होतं, तिच्या तोंडावरच दिसत होतं. पण बाप नजर हटवेना. मग तिनं दोन घमेली मागितली, गावच्या विहिरीचं पाणी आणवलं, आणि आईला घरामागच्या बोडीतून, त्या लहानशा तळ्यातून, जिवंत मासोळ्या आणायला सांगितलं. बायाबाई पळत गेली, पळत आली. दोन्ही घमेल्यांत सारख्याच मासोळ्या सोडल्या. पोत्याच्या कोपऱ्यात पावडर चिकटली होती. खुशीनं पोतं कमलेशपुढं धरलं आणि सांगितलं की चिमूटभर तू घे आणि यातल्या एकात तूच टाक, नाहीतर म्हणशील मी जास्त टाकली. सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणता येईना. त्यानं टाकली.

आधी काही झालं नाही. कमलेश हसायला लागला. मग त्या घमेल्यातल्या मासोळ्या सैरावैरा झाल्या. एक उसळून मातीत पडली. खुशीनं ती उचलून परत पाण्यात ठेवली. हळूहळू त्यांची तोंडं वर आली, उघडमीट व्हायला लागली, आणि मग एकेक करून त्या कुशीवर पडल्या. शेजारच्या घमेल्यात बाकीच्या आरामात फिरत होत्या. पाळीवरची माणसं वाकून बघत होती.

"आपुन पाणी पेतो," खुशी हळू म्हणाली. "मासोळी पाण्यातूनच दम घेते. त्या पावडरनं तिचे कल्ले जळतात. विहिरीत आपुन मोजून थोडी टाकतो. इथं एवढ्याशा पाण्यात पोती गेली."

कमलेशनं मोबाईल खिशात घातला. याचा व्हिडिओ त्यानं काढला नाही, हे सांगायलाच नको. लोक पांगले. पुंडलिकराव मान खाली घालून घमेल्याशी बसून राहिले. पोती देणारे तेच, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

राहिली ती ढिवर मोहल्ल्यातली माणसं. त्यांना जायला जागा कुठं होती? त्यांच्यात मंगरू सगळ्यात वडील. केवळराम पोरगा होता तेव्हा त्याला जाळं फेकायला यानंच शिकवलं होतं. म्हातारा काठी टेकत पुढं आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि बायाबाईला तेच सोसवेना.

"केवळ्या, तुले हे माईत नोतं?"

"नोतं," केवळराम म्हणाला.

"अन् तुह्या पोरीले?"

केवळरामानं खुशीकडं पाहिलं. ती मेलेल्या मासोळ्या घमेल्यातून काढून मातीत ठेवत होती.

"तिले होतं," तो म्हणाला. "म्या विचारलं नाई."

बायाबाईचा हात कनवटीच्या मोबाईलवर गेला. तिला वाटलं, आता बोलले नाही तर हा एकटाच जन्मभर हे घेऊन बसेल.

"म्या बी नाई विचारलं," ती म्हणाली.